काजूचं लाकूड चुलीत नुसतं धुमसतं, काय चुकतंय?

सत्तरीची सून:
आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ. गॅस आहे, पण न्हाणीचं पाणी आणि सासूबाईंची उकड्या तांदळाची पेज चुलीवरच होते. मे महिन्यात वाऱ्याने काजूची मोठी फांदी पडली. तिचे ओंडके पडवीत रचून चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं. आता श्रावणात पेटवते तर टोकांतून फेस येतो, फुसफुस आवाज होतो. फुंकणीने फुंकून जीव जातो आणि धुराने सासूबाईंना खोकल्याची उबळ येते. रॉकेल ओतायचं नाही, हे नक्की. काय करू?

डिचोलीकर:
ताई, फेस म्हणजे आतलं पाणी. ताज्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. आगीची ऊब ते उकळण्यातच जाते, म्हणून ज्वाळा कमी आणि धूर जास्त. ओल 20 टक्क्यांखाली आली की लाकूड नीट जळतं. अख्खा ओंडका सालीमुळे सुकत नाही आणि तुमच्या प्लास्टिकने वाफही आतच कोंडली. आधी ते बाजूंनी काढा, फक्त वर राहू द्या. ओंडके मनगटाएवढे फोडा, खाली चिरे ठेवून मधून वारा खेळेल असे रचा. आम्ही दसऱ्यानंतर तोडतो, लगेच फोडतो, पुढच्या पावसाळ्यात वापरतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. सुकलेल्या खणखणतात, ओल्यांचा आवाज बसका येतो.

माडाखालचं घर:
यंदापुरतं माडावर भागवा. करवंट्या, सुकी सोडणं (नारळाची वरची सालं), चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) यांनी जाळ धरला की मग बारीक ढलपी. रोज राख काढा, चूल गच्च भरू नका, खालून वारा लागतो. काजूबियांची टरफलं मात्र घालू नका. त्यांतलं तेल कातडी भाजतं, धूरही फार झोंबतो.

डिचोलीकर:
हे बरोबर. आणि धुराडं असेल तर काजळी झाडून घ्या. ओल्या लाकडाने ती लवकर साठते, कधी पेटतेही.

सत्तरीची सून:
धुराडं नाही, खिडकी आहे, ती आता उघडी ठेवते. काल एक ओंडका फोडला. साल सुकी खडखडीत, आतून हाताला गार ओल लागली. सगळे फोडून ठेवले. आज पेज सोडणांवर शिजवली. सासूबाई चुलीपाशी बसून होत्या, एकदाही खोकल्या नाहीत.