'दिवसभर नाश्ता' की 'दिवसभर न्याहारी'? (मेन्यूकार्डासाठी)

प्रश्न (इंदूर)

माझा भाचा इथे पलासियाजवळ छोटं रेस्टॉरंट काढतोय. सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत केव्हाही या, निवांत बसा. पोहे, साबुदाण्याची खिचडी, ऑम्लेट-टोस्ट, डोसा आणि ज्याला जड नको त्याला खिचडी-कढी किंवा वरण-भात, असा बेत आहे. मेन्यूकार्ड हिंदी, इंग्रजी आणि मराठीत छापायचं ठरलंय आणि मराठीचं काम माझ्याकडे आलंय. पदार्थांची नावं लिहून झाली. अडलंय ते दोन मथळ्यांपाशी: 'ऑल डे ब्रेकफास्ट' आणि 'कम्फर्ट फूड'.

पहिल्यासाठी मी 'दिवसभर न्याहारी' लिहिलं. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "न्याहारी दिवसभर कशी असेल? ती सकाळचीच." 'नाश्ता' लिहावं तर तो हिंदी शब्द, मग मराठी भाग वेगळा छापायचाच कशाला, असं भाचा म्हणतो. 'अल्पोपाहार' लिहिलं की सभेचं निमंत्रण वाटतं: कार्यक्रमानंतर अल्पोपाहाराची व्यवस्था केली आहे. जाणकारांनी मदत करावी. मला हा भाग नीट करायचा आहे. इंदुरात मराठी वाचणारी माणसं अजून पुष्कळ आहेत, त्यांना आपली भाषा तिथे अवघडलेली दिसू नये.

उत्तर (रामबाग, इंदूर)

ताई, सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. न्याहारीला वेळ चिकटलेली आहे आणि काम चिकटलेलं आहे. माणूस पहाटे शेतावर जातो, ऊन चढायला लागलं की घरून फडक्यात बांधलेली भाकरी, चटणी, कांदा येतो, ती न्याहारी. महाराष्ट्रात पर्यटकांसाठी सरकारी 'निवास व न्याहारी योजना' आहे. तिथे हा शब्द शोभून दिसतो, कारण पाहुणा रात्री राहतो आणि सकाळी खाऊन निघतो. रात्री साडेनऊला कुणी 'न्याहारी केली' म्हणालं तर ऐकणारा थबकेलच.

पण नाश्ता हिंदी म्हणून बाजूला ठेवायचा, हे पटत नाही. तो हिंदीतही बाहेरूनच आलेला आहे. मूळ फारसी. फारसीत 'नाश्ता' म्हणजे सकाळपासून काहीही न खाल्लेला, उपाशीपोटी. इराणमध्ये आजही रक्ततपासणीला उपाशीपोटी जायचं असेल तर हाच शब्द वापरतात. आपल्याकडे येताना उपाशी असण्याचं नाव उपाशीपण संपवणाऱ्या खाण्याला मिळालं. आणि मराठीत तो इतका मुरला आहे की 'नाश्ता झाला का?' हे सकाळी शेजाऱ्याशी बोलायचं पहिलं वाक्य आहे. त्याला परका कसं म्हणायचं?

ग्वाल्हेर

न्याहारीचीही गंमत बघा. एक मत असं की ती अरबी 'नहार' म्हणजे दिवस, यावरून आली. दिल्ली-लखनौची रात्रभर मंद आचेवर शिजवलेली आणि सकाळी खाल्ली जाणारी निहारीही याच शब्दाशी जोडतात. दुसरं मत फारसी 'नाहार'कडे बोट दाखवतं, त्याचा जुना अर्थ पुन्हा उपाशी असाच. इराणमध्ये आता 'नाहार' दुपारच्या जेवणाला म्हणतात. हे मत खरं मानलं तर एकच शब्द तिकडे सकाळवरून दुपारवर सरकला आणि आपल्याकडे सकाळीच थांबला. त्यामुळे 'शब्दाचा मूळ अर्थ सकाळचा आहे' एवढ्यावर निकाल देता येणार नाही. आज बोलणारा तो कसा वापरतो हेच बघायला हवं, आणि आज मराठीत न्याहारी सकाळचीच आहे.

वडोदरा

आमच्याकडे हा प्रश्न पडतच नाही, कारण गुजरातीतल्या 'नास्तो'ला घड्याळ नाही. डब्यात भरून ठेवलेला चिवडा, शेव, मठिया हा 'सूको नास्तो'. संध्याकाळी पाहुणे आले तरी नास्तोच. इथे राहून आमची मराठीही तशीच झाली आहे. पाच वाजता आई म्हणते, 'नाश्त्याला शेव-उसळ आणू का?' आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. पुण्याहून आलेल्या मामी मात्र दर वेळी विचारतात, "आत्ता नाश्ता?" त्यांच्याकडे ते 'मधल्या वेळचं खाणं' असतं. हाही सुंदर शब्दप्रयोग आहे, पण मथळ्यात मावत नाही, आणि दोन जेवणांच्या मधलं असं त्यातच सांगितलेलं असल्यामुळे सकाळ त्यातून गळते.

रामबाग, इंदूर

वडोदऱ्याच्या मुद्द्यावरून एक गोष्ट लक्षात आली, ती थोडी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

महाराष्ट्रातले कांदेपोहे फोडणीचे. कढईत फोडणी, कांदा परतून, भिजवलेले पोहे घालून, एक वाफ आणून लगेच ताटलीत. अर्ध्या तासाने तेच पोहे कोरडे पडतात, घशाखाली उतरत नाहीत. म्हणून ते ताजे, गरम, ठरल्या वेळी खायचे.

इंदुरी पोह्यांची मांडणीच वेगळी आहे. ठेल्यावर नीट बघा. खाली मोठ्या भांड्यात पाणी उकळत असतं आणि त्याच्या तोंडावर पोह्यांची रास केलेली परात बसवलेली असते. पोह्यांत हळद, मीठ, साखर, बडीशेप, आणि तेल अगदी कमी. खालून सतत वाफ लागत असल्यामुळे रास तासन् तास मऊ आणि गरम राहते. चव खरी वरून येते: कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे, आणि चिमूटभर जीरावन, म्हणजे जिरं, धने, आमचूर, काळं मीठ, हिंग असा आंबट-खारट मसाला. हे सगळं गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर पडतं. त्यामुळे सकाळी सातचे पोहे आणि दुपारी बाराचे पोहे यांत खाणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही.

वाफेच्या परातीने पोह्यांची वेळ सोडवली आणि पोह्यांबरोबर 'नाश्ता' या शब्दाचीही. इंदूरचा मराठी माणूस 'नाश्ता करून येतो' म्हणतो तेव्हा तो किती वाजता गेला ते कळत नाही, काय खाल्लं ते कळतं: पोहे, जलेबी, कचोरी, उसळ-पोहे. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत दिवसा हेच, आणि सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की रात्रीही खाणं सुरूच. नाश्ता हे इथे पदार्थांच्या एका जातीचं नाव झालं आहे. म्हणून 'दिवसभर नाश्ता' हे इंदूरच्या मराठीत सरळ, नैसर्गिक आहे. बिनधास्त छापा.

ग्वाल्हेर

हे पटलं. आणि असं फक्त इंदुरात झालं असंही नाही. ब्रिटनमधल्या साध्या कॅफेंच्या पाट्यांवर 'ऑल डे ब्रेकफास्ट' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ अंडी, बेकन, सॉसेज, बीन्स, टोस्ट अशी ठरलेली थाळी. तिथेही तो शब्द वेळ सोडून ताटलीला चिकटला. मॅकडॉनल्ड्सने अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये दिवसभर ब्रेकफास्ट सुरू केला आणि मार्च २०२० मध्ये थांबवला. स्वयंपाकघराला एकाच वेळी सकाळचा आणि दुपारचा मेन्यू सांभाळणं सोपं नसतं. तुमच्या भाच्यालाही ते सांभाळावं लागेल, पण पोह्यांच्या बाबतीत परात त्याची निम्मी काळजी वाहील.

जुन्या मराठीतलाच दाखला हवा असेल तर 'कांदेपोहे' बघा. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला आपण कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणतो आणि तो बहुतेकदा संध्याकाळीच असतो. पोहे आपल्याकडेही कधी सकाळपुरते नव्हते.

प्रश्नकर्ती (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. 'दिवसभर नाश्ता' पक्कं. भाच्यालाही परातीचा मुद्दा फार आवडला. आता दुसरा मथळा. मैत्रिणीने 'सुखाहार' सुचवलंय, एकाने 'सांत्वनान्न'.

वडोदरा

सांत्वनान्न नको! ते सुतकातल्या घरी पाठवलेल्या डब्याचं नाव वाटतं. 'सुखाहार' वाईट नाही, पण शब्द समजावून सांगायला वेटर लागेल.

रामबाग, इंदूर

मराठीत ही कल्पना नामाने सांगतच नाहीत, क्रियापदाने सांगतात. 'पोटात ऊन-ऊन पडलं आणि बरं वाटलं.' 'खाल्लं आणि जीव शांत झाला.' आई म्हणते, 'मऊ भात टाकते, मेतकूट-तूप घालून खा.' ती पदार्थाचंच नाव घेते, त्या पदार्थांच्या वर्गाचं नाव घेत नाही. मऊ भातावर थोडी आजारपणाची छाया आहे हे खरं, पण तापातून उठल्यावर लागलेली ती चव माणूस जन्मभर विसरत नाही, आणि थकून आल्यावर तीच मागतो. इंग्रजीत कम्फर्ट फूड म्हणतात ते हेच.

'ऊन-ऊन' असा मथळा मला फार आवडला असता. अडचण इथलीच आहे. इंदुरात शाळेपासून हिंदी शिकलेल्या मुलांना 'ऊन' म्हणजे लोकर. मेन्यूकार्डावर लोकर वाचून ती गोंधळतील. 'साधं जेवण' लिहावं तर मेन्यूत 'साधा' म्हणजे मसाला नसलेला, स्वस्तातला, साधा डोसा असतो तसा. 'घरगुती' प्रत्येक खानावळीच्या पाटीवर आहे, तो शब्द वाचून आता जिभेला काही होत नाही.

माझं मत विचाराल तर मथळाच देऊ नका. चौकट आखा आणि पदार्थ पूर्ण नावाने लिहा: वरण-भात, तूप आणि लिंबू. मऊ भात आणि मेतकूट. मुगाची खिचडी, कढी, भाजलेला पापड. वाचणाऱ्या मराठी माणसाला 'तूप आणि लिंबू' एवढं दिसलं की पुरे.

ग्वाल्हेर

सहमत. फक्त पापडाआधी लोणचंही लिहा.

प्रश्नकर्ती (इंदूर)

लिहिलं. मथळा काढला, चौकट ठेवली. शेवटची एक शंका. साबुदाण्याची खिचडी कुठे टाकू? हिंदी भागात 'फरियाली' असा वेगळा रकाना आहे. मराठीत 'फराळाचे पदार्थ' लिहू का?

वडोदरा

फरियाली काय, आमचं गुजराती 'फराळी' काय, दोन्हींच्या मुळाशी फलाहारच आहे, म्हणजे उपासाचं खाणं. पण मराठीत नुसतं 'फराळाचे पदार्थ' लिहिलंत तर निम्मे लोक चकली, करंजी, चिवडा शोधतील, कारण दिवाळीचा फराळ डोक्यात आधी येतो. 'उपासाचे पदार्थ' लिहा, घोटाळाच नको.

रामबाग, इंदूर

आणि एक कामाचं. इंदुरी पद्धतीने साबुदाण्याच्या खिचडीवर काहीतरी कुरकुरीत लागतंच. ती उपासाच्या रकान्यात टाकणार असाल तर वर बेसनाची शेव पडता कामा नये, बटाट्याचं फरियाली मिक्श्चर घालायला सांगा आणि जीरावनाऐवजी उपासाला चालणारं सैंधव आणि जिरेपूड ठेवा. शेव घालूनच द्यायची असेल तर खिचडी सरळ 'दिवसभर नाश्ता'खाली जाऊ द्या.