मदत हवी आहे: लसूणघास ओढायला २४ एचपीच्या ट्रॅक्टरमागे कोणता रेक (कापलेला घास ओळीत ओढायचं यंत्र)?

मंडळी, नमस्कार. रान विट्याजवळ. टेंभूचं पाणी आल्यापासून कडब्याच्या जोडीला तीन एकर लसूणघास केलाय, आरएल-८८ वाणाचा. ऑक्टोबरच्या उन्हात आणि फेब्रुवारीनंतर घास गोठ्याला पुरून उरतो. तो वाळवून गठ्ठे करायचे आहेत. कापायला कटरबार आहे, गठ्ठे बांधणारा बेलर भाड्याने मिळतो. अडतं मधेच, पसरलेला घास ओळीत ओढताना. दाताळ्याने ओढायला आता वेळेवर माणसं मिळत नाहीत.

ट्रॅक्टर द्राक्षबागेतला, २४ एचपी.

चाकांचा रेक जमिनीला टेकून आपोआप फिरतो. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा) लागत नाही, वजनाला हलका, दाता मोडला तर गावातच काम होतं. पण दाते जमीन घासत जातात, आमच्या मुरमाड रानात माती-खडे ओळीत येणारच. शिवाय ओळ दोरीसारखी पिळली जाते आणि आतून ओली राहते. पीटीओवरचा रोटरी रेक ओळ मोकळी टाकतो, माती कमी आणतो, पण महाग आणि जड.

तरी माझा कल रोटरीकडेच आहे, कारण घासाचा कस पाल्यात. पाला रानात झडला तर गाईपुढे काड्याच उरतात. ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास असताना ओढला तर पाला टिकतो, म्हणून सकाळी दव असतानाच ओढायचं ठरवलंय. ऊन चढल्यावर कोणताही रेक पाला झाडणारच.

खरी अडचण वाफ्यांची. पाटपाण्यामुळे वीतभर उंचीचे वरंबे आहेत आणि घास अजून दोन वर्षं तरी मोडायचा नाही. पुढच्या पेरणीला तुषार करून रान सपाट करीन, पण तोवर काय? चाकांच्या रेकचं प्रत्येक चाक सुटं खालीवर होतं म्हणतात. ते वरंबा ओलांडतं की दाते त्यात घुसतात?

एका दुकानात उसाचं पाचट ओढायचा रेक दाखवला. पाचट रेटलेलं चालतं, घास नाही, त्यामुळे मन घेत नाही. कुणी तो घासावर चालवलाय का?

एवढ्या लहान ट्रॅक्टरवर रोटरी वापरणारे असतील तर कृपया सांगा, उचलताना पुढची चाकं हलकी होतात का, पुढे वजन लावावं लागलं का? महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज करताना रेक कोणत्या नावाखाली निवडला, तेही कळवा. सांगली-सातारा जिल्ह्यात कुणाच्या रानात रेक चालताना बघता आला, तर म्हसवड-दहिवडीपर्यंतही येईन.