मदत हवी आहे: पुण्यात सकाळच्या रागांच्या बैठका कोठे होतात?

सरत्या वर्षात आवडलेल्या गोष्टी आठवताना नाटके, पुस्तके, वेताळ टेकडीवरचे फिरणे असे बरेच काही समोर आले. पण सर्वांत वर राहिली ती दिवाळी पहाटेच्या एका कार्यक्रमात वडिलांशेजारी बसून ऐकलेली तोडी. बहुतेक मैफली संध्याकाळी होत असल्याने प्रत्येक राग ठरावीक वेळी गाण्याच्या परंपरेनुसार तेथे मारवा, यमन, बागेश्री ऐकायला मिळतात आणि भैरव, ललत, तोडी हे सकाळचे राग मात्र प्रत्यक्ष फार क्वचित कानी पडतात. १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवावर आमचे नितांत प्रेम आहे. परंतु डिसेंबरच्या थंडीत रात्रीपर्यंत बसणे वडिलांना आता झेपत नाही.

म्हणून विनंती अशी, की पुण्यात दिवाळीव्यतिरिक्तही सकाळच्या बैठका कोठे होतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घरगुती बैठक असल्यास अधिकच आनंद होईल, कारण तानपुऱ्याचा नाद तेथे जसा भरून राहतो तसा मोठ्या मांडवात राहत नाही, असे मला मनापासून वाटते. वडिलांना भारतीय बैठक जमत नाही. त्यामुळे खुर्चीची सोय आहे का, जिना चढावा लागतो का आणि आधी नावनोंदणी करावी लागते का, हेही कळवावे. सदाशिव पेठ किंवा कोथरूड परिसरातील ठिकाण असल्यास उत्तम.