बेळगावचे अधिवेशन: गांधीजी एकदाच अध्यक्ष का झाले?

वडगावची शिक्षिका
सर्वांना नमस्कार. सातवीच्या मुलांकडून सामान्यज्ञान स्पर्धेची तयारी करून घेत आहे. आपल्या गावाविषयी बहुतेक पुस्तकांत एकच प्रश्न सापडतो, तो म्हणजे महात्मा गांधी काँग्रेसच्या कोणत्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. 'बेळगाव, १९२४' हे उत्तर मुलांना तोंडपाठ आहे. मात्र काल एका मुलीने विचारले, "बाई, गांधीजी एवढे मोठे, मग ते एकदाच अध्यक्ष का झाले?" मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

शहापूरचा वाचक
बाई, मुलीचा प्रश्न पुस्तकातल्या प्रश्नापेक्षा मोलाचा आहे. त्या काळी काँग्रेसचा अध्यक्ष दर वर्षी निवडला जात असे आणि गांधीजींचा प्रभाव त्या पदावर अवलंबून नव्हता. १९२९ च्या लाहोर अधिवेशनासाठी बहुसंख्य प्रांतिक समित्यांनी त्यांचेच नाव सुचवले होते. तरीही त्यांनी ते नाकारून जवाहरलाल नेहरूंना पुढे केले, आणि १९३४ मध्ये तर काँग्रेसचे साधे सभासदत्वही सोडले. त्यामुळे खरा प्रश्न 'एकदाच का' यापेक्षा '१९२४ सालीच का' असा आहे.

त्या वर्षी काँग्रेस दुभंगण्याच्या बेतात होती. चौरीचौऱ्यानंतर असहकार थांबला, गांधीजी तुरुंगात गेले आणि मागे राहिलेल्यांत दोन तट पडले. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी १९२३ च्या आरंभी स्वराज्य पक्ष काढून कायदेमंडळात शिरण्याचा मार्ग धरला, तर बहिष्कार सोडू नये असे मानणारे 'नाफेरवादी' त्याला विरोध करत राहिले. फेब्रुवारी १९२४ मध्ये, पुण्याच्या ससून रुग्णालयातील आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर गांधीजींची सुटका झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना मान्य होईल असा दुसरा माणूस उरला नव्हता. नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात तडजोड झाली आणि २६ व २७ डिसेंबरला बेळगावात तिच्यावर शिक्कामोर्तब झाले: स्वराज्य पक्षाने काँग्रेसच्या वतीने कायदेमंडळात काम करावे आणि सभासदांनी वर्गणी म्हणून दरमहा २,००० वार सूत द्यावे. माझ्या मते अधिवेशनाचा गाभा हाच होता. सुताची ती सक्ती पुढच्याच वर्षी शिथिल करावी लागली, हेही मुलांना अवश्य सांगावे.

हिंडलग्याहून
वरील उत्तर उत्तम आहे. मात्र अधिवेशन बेळगावात कसे आले, हेही मुलांना कळायला हवे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असले, तरी काँग्रेसने १९२० मध्ये केलेल्या भाषावार रचनेत ते कर्नाटक प्रांतात मोडत होते. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांनी आयोजनाची धुरा उचलली. ते मूळचे लोकमान्यांचे निष्ठावान अनुयायी. याच शहरात एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली होती. १ मे रोजी येथे केलेले भाषण आणि अहमदनगरची दोन भाषणे यांवरून सरकारने त्यांच्याकडे वीस हजारांचा जातमुचलका मागितला. उच्च न्यायालयात जिनांनी बाजू मांडली आणि तो आदेश रद्द झाला. म्हणजे गांधीजी आले ते आधीच मशागत झालेल्या भूमीत.

अधिवेशनाच्या जागेला विजयनगर असे नाव दिले होते. हजारो लोकांना पाणी पुरवण्यासाठी खास विहीर खणली आणि तिला पंपा सरोवर म्हटले. टिळकवाडीतील आपली काँग्रेस विहीर ती हीच.

खानापूरची वाचक
मुलांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. या अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती, आणि तीच पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई हंगल म्हणून ओळखली गेली. तुमची सातवीची मुले तिच्याहून जेमतेम वर्षभराने मोठी असतील.

वडगावची शिक्षिका
सर्वांची मनापासून आभारी आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन काँग्रेस विहिरीवर जाणार आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाच कलकत्त्याच्या तडजोडीविषयी बोलायला सांगेन, आणि २,००० वार म्हणजे किती सूत, हे मुलांना हातात दोरा देऊन मोजायला लावेन.