मदत हवी आहे: आईच्या खोलीसाठी नैसर्गिक सुगंधी मेणबत्ती कोणती?

सायली_फोंडा: आईला रात्री झोप नाही. लॅव्हेंडरची मेणबत्ती लाव म्हणून मैत्रिणीने सांगितलं, ऑनलाइन मागवली. डब्यावर ठळक 'शंभर टक्के नॅचरल'. तीन रात्रींत काचेचा काठ काळा! बोट फिरवलं तर समईसारखी काजळी लागते. सोय (सोयाबीनचं मेण), मधमाशीचं मेण, कोकोनट वॅक्स वाचून डोकं भणभणलंय. लांबलचक माहिती नको, कोणती घेऊ तेवढं सांगा. रविवारी भाऊ मडगावला जातोय, त्याच्याकडून आणवते.

गजानन_म्हापसा: खोली केवढी? पंखा चालू असतो? ज्योत फडफडली की कुठलंही मेण काजळी धरतं, सोयसुद्धा. दर वेळी पेटवण्याआधी वात ५-६ मिलिमीटरवर छाटा. टोकाला काळा गोळा जमतो ना, धूर तिथूनच.

मधपेटी_सत्तरी: मी पेट्या ठेवते म्हणून सांगते, मधमाशीचं मेणच घ्या. ६२ ते ६४ अंशांना वितळतं, मे महिन्यातही मेणबत्ती वाकत नाही. सोयचं मेण मऊ, म्हणून तर काचेत ओततात. आणि या मेणाला स्वतःचाच मधाचा वास असतो, वरून तेल कशाला?

गजानन_म्हापसा: ताई, त्यांना लॅव्हेंडर हवंय. शिवाय तुमचं मेण परवडायला हवं ना.

मधपेटी_सत्तरी: सावकाश जळतं, पुरतं. पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचं मेण, मिसळून विकतात त्याच्याशी तुलना करू नका.

आंतोन_मडगाव: मेणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. माझ्या आजीचा गुडघा दुखायचा, ती दरवर्षी मेणाचा पाय वाहायची. आम्हा मुलांना तो हातात धरायला मिळायचा, थंड आणि गुळगुळीत.

प्रज्ञा_पर्वरी: सायली, ते 'नॅचरल' मेणाबद्दल आहे की वासाबद्दल? डब्याच्या मागे बघ, 'इसेन्शियल ऑइल' म्हणजे वनस्पतीतून काढलेलं तेल लिहिलंय की नुसतं 'फ्रॅग्रन्स'? उदाहरण सांगते, मोगऱ्याच्या फुलाला वाफेची उष्णता सोसत नाही, त्याचा अर्क द्रावकाने काढतात आणि तो फार महाग पडतो. म्हणून स्वस्त मेणबत्तीत मोगरा घमघमला तर तो प्रयोगशाळेतलाच समज. घरात मांजर असेल तर टी-ट्री, निलगिरी नको, मांजराच्या यकृताला ती तेलं झेपत नाहीत. आणि आईंना दमा वगैरे आहे का?

विनय_काणकोण: चादरीवर मेण सांडलं तर वर जुनं वर्तमानपत्र ठेवून कोमट इस्त्री फिरवा. कागद सगळं शोषून घेतो.

सायली_फोंडा: चादरीवर काही सांडलेलं नाही! मागे बघितलं, 'सोय ब्लेंड' आणि 'फ्रॅग्रन्स'. मांजर नाही. पंखा आईच्या डोक्यावर रात्रभर. आईला दमा आहे, पंप घेते. पावसामुळे खिडकी बंद असते, कपाटामागून कुबट वास येतो, तो जावा म्हणूनही मेणबत्ती लावत होते.

गजानन_म्हापसा: अहो, हे आधी सांगायचं! मग मेणबत्ती नकोच. ब्लेंड म्हणजे त्यात सोयबरोबर दुसरं मेण आहे, बऱ्याचदा पॅराफिन.

विनय_काणकोण: डिफ्यूझर घ्या, पाण्यात तेलाचे थेंब टाकून वास पसरवणारं यंत्र. धूर नाही, काही नाही. आमच्याकडे दोन वर्षं आहे.

प्रज्ञा_पर्वरी: विनय, पाण्याच्या डिफ्यूझरने ओल आणखी वाढेल. आणि दम्याच्या माणसाला तीव्र वासानेही धाप लागू शकते, मग तेल कितीही अस्सल असो. सायली, कुबट वास म्हणजे बुरशी. दम्याला तीच वाईट. कपाट ओढून बघ, पण आईंना तेव्हा दुसऱ्या खोलीत बसव. रात्री जाग कशाने येते, विचारलंस का?

मधपेटी_सत्तरी: प्रज्ञाचं बरोबर आहे. या खोलीत माझीही मेणबत्ती लावू नका.

सायली_फोंडा: आज कपाट ओढलं. मागे हातभर उंचीचा काळा पट्टा, आईच्या जुन्या साड्यांच्या पिशवीलाही लागलाय. आईला विचारलं, तर रोज रात्री दोन-तीनदा खोकून उठते म्हणाली. माझी झोप मोडेल म्हणून बोलली नव्हती. सोमवारी डॉक्टरांकडे नेते, तोवर ती माझ्या खोलीत झोपेल. ओल वरच्या गच्चीतून उतरतेय. फोंड्यात वॉटरप्रूफिंग करणारं कोणी माहीत आहे का? चवथीआधी होईल?

गजानन_म्हापसा: पावसात पक्कं काम होत नाही, गच्ची कोरडी लागते. सध्या वर ताडपत्री घाला. पाणी कुठे साचतं? फोटो टाका.