टीबीच्या गोळ्यांचा 26 वा दिवस, भाऊ परत गलाईला जायचं म्हणतोय

खानापूर_घाटमाथा
धाकट्या भावाला फुफ्फुसाचा टीबी निघालाय. सीबीनॅटमध्ये (थुंकीतल्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स नाही, म्हणजे ते लागू पडतं. वजन 47 किलो, रोज तीन गोळ्या. ताप गेला, खोकला निम्म्यावर आला, भूक लागतेय. कोईमतूरला गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात असतो. शेठचा रोज फोन. म्हणतो, पुढच्या आठवड्यात निघतो, गोळ्यांचं तिकडं बघू. घरात त्याची तीन वर्षांची मुलगी आणि शुगर असलेली आई. ताट-तांब्या वेगळा केलाय. अजून काय करायचं?

कफकप
ताट-तांब्या परत एकत्र करा. टीबी भांड्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत उडालेल्या कणांतून पसरतो. वेगळं करायचं ते झोपणं: खिडकी उघडी असलेली खोली, नाहीतर बाहेरचा सोपा (ओसरी). खोकताना तोंडावर रुमाल. थुंकी झाकणाच्या डब्यात, आत थोडं फिनेल.

आता "बरं वाटतंय" याबद्दल. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, म्हणून ताप जातो. सुस्त पडलेले मागं उरतात, त्यांच्यासाठीच सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधांची गोळी, 56 डोस. पुढचे चार महिने त्यातलं पायराझिनामाइड वगळून तीन औषधांची, 112 डोस. मध्येच सोडलं की आजार उलटतो, आणि अर्धवट घेतलेल्या औषधांना जंतू दाद देईनासे होतात.

दोन महिने संपताना थुंकी तपासतात ती सूक्ष्मदर्शकाखाली. घाईनं बाहेर पैसे भरून परत सीबीनॅट करू नका. ती मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते. उपचार चांगला चालू असतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरादाराची झोप उडते. नमुना सकाळचा, चूळ भरून, छातीतून खाकरून काढलेला, 2 ते 5 मिली. डबीत नुसती लाळ असली तर रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्याला अर्थ नाही.

गोळीवाली_ताई
पोरीचं आधी बघा दादा. पाच वर्षांखालच्या मुलांत टीबी मेंदूपर्यंत जायची भीती जास्त. बीसीजी टोचलेली असली तरी या आठवड्यात केंद्रात न्या. ताप, खोकला, वजन न वाढणं यातलं काही आहे का ते तपासतात. टीबी नाही अशी खात्री झाली की प्रतिबंधक औषध: आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन मिळून आठवड्यातून एकदा असे 12 डोस. आईलाही तपासून तेच, फक्त शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. 12 डोसवाल्या औषधातल्या रिफापेंटिनमुळं ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळीचा जोर कमी होऊन साखर वाढू शकते.

भावाला सांगून ठेवा: लघवी केशरी होणार, ते रिफाम्पिसिनचं, घाबरायचं नाही. गोळ्या सकाळी उपाशीपोटी. फारच मळमळलं तर हलकं खाऊन. ॲसिडिटीचं औषध घेतलंच तर दोन तासांचं अंतर. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा लाल-हिरवा रंग ओळखेना, तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांकडं. आणि दारू पूर्ण बंद, यकृतावर आधीच तीन औषधांचा भार आहे.

खानापूर_घाटमाथा
आजच केंद्रात फोन केला, दोघींना उद्या नेतो. जाण्याचं काय? आई म्हणते, कोईमतूरपेक्षा पाचगणीची हवा बरी.

कफकप
हवेनं बरं व्हायचे दिवस गेले. घरी राहून औषध घेणारे सॅनेटोरियममधल्यांइतकेच (टीबीच्या दवाखान्यात ठेवलेल्यांइतकेच) बरे होतात, हे मद्रासच्या अभ्यासानं 1959 सालीच दाखवलं. जाण्याबद्दल माझं मत: 56 डोस आणि त्यानंतरची थुंकी होईपर्यंत थांबा. संसर्गाचा जोर एव्हाना बराच ओसरला असेल, पण गलाईची खोली बंद, भट्टीचा धूर, आम्लाची वाफ आणि तिथंच चार माणसं झोपणार. त्या चौघांपैकी कुणाला खोकला असेल तर त्यांनीही तिकडं तपासून घ्यावं, हे शेठला आजच कळवा.

गोळीवाली_ताई
माझंही तेच, पण पोटाचा प्रश्न असतो आणि पोरं न सांगता रातोरात गाडीत बसतात. तसं होण्यापेक्षा नोंद हलवून जाऊ दे. निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) देशभर एकच असतो. इथल्या केंद्रातून कोईमतूरच्या केंद्राकडं ट्रान्सफर करून घ्या. मध्ये खंड पडणार नाही इतक्या गोळ्या आणि उपचाराचं कार्ड सोबत. तिकडं अडलं तर टीबीची हेल्पलाइन 1800-11-6666. नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे महिन्याला 1000 रुपये झालेत. खातं आधारला जोडलेलं आहे का ते निघायच्या आधीच बघा.