मदत हवी आहे : रंगाच्या कामामुळे दमा, आणि कंपनीला हवी असलेली सही

नमस्कार.

मी एका कारखान्यात रंगफवारणीच्या विभागात काम करतो. धातूच्या भागांवर मारायचा आमचा रंग दोन घटकांचा असतो आणि त्यात आयत्या वेळी हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा घटक, मिसळावा लागतो. गेले काही महिने शिफ्ट संपत आली की माझी छाती आवळून येते, कोरडा खोकला सुरू होतो आणि रात्री धाप लागून जाग येते. जोडून सुट्टी मिळाली की हाच त्रास ओसरतो. छातीच्या डॉक्टरांनी एवढे ऐकताच हार्डनरची चौकशी केली. अशा हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते, त्याने कामाशी निगडित दमा होऊ शकतो आणि शरीर एकदा त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. मला घाई आहे ती याच कारणाने.

डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे मी पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणारे छोटे उपकरण) दिवसातून चार वेळा फुंकून आकडे वहीत लिहितो आणि कामाचा दिवस की सुट्टीचा, तेही शेजारी नोंदवतो. कामाच्या दिवशी संध्याकाळचे आकडे सकाळपेक्षा खाली आलेले असतात. सुट्टीत ते सावरतात.

कंपनीकडून मात्र काहीही लेखी मिळत नाही. हार्डनरच्या डब्यावरचे लेबल रंगाने इतके माखलेले आहे की एक ओळही वाचता येत नाही. सुरक्षा माहितीपत्रक मागितले तर ‘ते गोपनीय आहे’ असे उत्तर मिळाले. वास्तविक १६ विभागांचे हे पत्रक रसायन हाताळणाऱ्यांना धोका कळावा म्हणूनच तयार केलेले असते आणि कोणते संरक्षण वापरावे हे त्याच्या आठव्या विभागात दिलेले असते. आम्हाला मिळतो तो साधा धुळीचा मास्क, जो बाष्प अडवू शकत नाही. ‘वास येत नाही ना, मग धोका नाही,’ हे सुपरवायझरांचे म्हणणे तर सरळ चुकीचे आहे, कारण आयसोसायनेटचा वास जाणवेपर्यंत हवेतील त्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले असू शकते.

आता एचआरने माझ्यापुढे एक कागद ठेवला आहे. माझा श्वसनविकार जुना असून त्याचा कामाशी संबंध नाही, असे मी त्यावर लिहून द्यायचे आणि मगच आजारपणाची रजा मंजूर होणार. मी अद्याप सही केलेली नाही. सोबतच्या काही जणांनाही खोकला आहे, पण ते कंत्राटी असल्यामुळे उघडपणे बोलायला तयार नाहीत आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार मी वाचला. जीविताला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे मानण्यास वाजवी कारण असताना जो कामगार कामावरून बाजूला होतो, त्याला त्यापायी गैरवाजवी परिणाम भोगावे लागू नयेत, असे त्याचे १३ वे कलम सांगते. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडू नये, हेही त्या करारात आहे. २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाच्या जागेचा समावेश श्रमिकांच्या मूलभूत हक्कांमध्ये झाला. तरीही करार पाळण्याचे बंधन तो मंजूर केलेल्या देशांवर असते, आणि मालकासमोर उभे राहताना स्थानिक कायद्याचाच आधार लागतो, याची मला कल्पना आहे.

नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये. मी गेलो तरी ती फवारणीची गन उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असेल, आणि शिवाय माझे घर या पगारावर चालते. मला फवारणीपासून दूर, त्याच कारखान्यात दुसरे काम हवे आहे.

ज्यांनी असे प्रकरण स्वतः हाताळले आहे किंवा जे कामगार कायद्याचे काम करतात, त्यांनी मार्गदर्शन करावे. सही नाकारताना पत्रात नेमके काय लिहावे, म्हणजे त्याला शिस्तभंगाचे रूप देता येणार नाही? डॉक्टरांच्या पत्रात निदान स्पष्ट असावे, की केवळ ‘फवारणीपासून दूर ठेवावे’ एवढेच पुरेल? पीक फ्लोच्या वहीची प्रत कंपनीला आत्ताच द्यावी, की कामगार निरीक्षकांकडे तक्रार नोंदवताना प्रथम तिथे दाखल करावी? आणि त्रास वाढल्यामुळे मी फवारणी थांबवली, पण हजेरी लावून दुसरे काम मागत जागेवरच थांबलो, तर ती गैरहजेरी ठरू नये म्हणून त्याच दिवशी कोणती नोंद कुणाकडे करून ठेवावी?